प्रमोदचे दात, माझा जळफळाट

मला आयुष्यात हेवा पुष्कळांचा वाटला. बरोबरीचे मुंबईला राहिले आणि मोटारीतून हिंडू लागले तेव्हा वाटला. ज्याला मी तार वाकवायला शिकवलं तो पुढे प्राध्यापक झाला तेव्हाही वाटला. पण तो आपला आला तसा गेला. अन्न गोड लागू नये इतका हेवा मात्र एकाच माणसाचा वाटला, आणि ती बाई माझ्याच दवाखान्यात हत्यारं उकळत होती, फरशी पुसत होती. यशोदाबाई त्यांचं नाव. दवाखाना बंद करून मला दोन वर्षं झाली, त्यामुळे आता हे लिहायला हरकत नाही.

आधी माझा धंदा सांगतो. मी वाकडे दात सरळ करणारा डॉक्टर. धरमपेठेत पाटी लावली तेव्हा नागपुरात दाताचा डॉक्टर म्हणजे पकड, एवढंच लोकांना ठाऊक. दात दुखला की उपटायचा आणि मोकळं व्हायचं. काही दुखत नसताना डॉक्टरकडे जायचं आणि दीड-दोन वर्षं तोंडात तारा घालून बसायचं, हे ऐकून लोक हसायचे. इतवारीतले एक कापडवाले मुलीला घेऊन आले आणि म्हणाले, "डाक्टरसाब, पुढच्या महिन्यात पाहुणे पाहायला येऊन राहिले. तवापर्यंत सरळ करून द्या." मी म्हटलं, दीड वर्ष लागेल. ते उठलेच. "दीड वर्षात तर माझं दुकान दुमजली होते!" असं म्हणून मुलीला घेऊन गेले. दुकान खरंच दुमजली झालं. मुलीचे दात आहेत तसेच आहेत, आणि ती सुखात आहे. असो.

दात हाडात रुतलेला असतो, पण भिंतीतल्या खिळ्यासारखा नाही. त्याला मंद आणि सतत रेटा दिला की पुढचं हाड विरतं, मागचं भरत येतं आणि दात जागा सोडतो. महिन्याला फार तर एक मिलिमीटर. घाई केली की मूळ झिजतं. तेव्हा आम्ही बहुतेक काम काढता-घालता येणाऱ्या प्लेटवर करायचो. ही प्लास्टिकची प्लेट टाळूला चिकटून बसते आणि तिच्यातून निघालेल्या तारा दातांना रेटतात. तार वाकवणं हे माझं खास काम. दोन पकडींत मी अशी तार वळवायचो की माझ्याकडे शिकायला येणारे विद्यार्थी तोंडात बोट घालायचे. अडचण एकच होती, पोरं प्लेट घालत नसत. शाळेच्या दप्तरात, उशीखाली, खिशात, कुठेही ठेवतील, तोंडात नाही. एका बहाद्दरानं लग्नाच्या पंगतीत काढून पत्रावळीवर ठेवली आणि ती उष्ट्याबरोबर गेली.

तर, शहात्तर-सत्त्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतून एक बाई मुलाला घेऊन आल्या. नवरा तिथे पाळीवर काम करणारा. मुलाचं नाव प्रमोद, वय अकरा. बोलत नव्हता. कुणाकडे बघत नव्हता. एकसारखा हुंकारत होता आणि मधूनच मूठ वळून स्वतःच्या हनुवटीवर मारत होता. त्याची आई म्हणाली, "दोन महिने झाले डॉक्टर, भाकर सोडली, पोळी सोडली. नुसतं वरण पितो. दुखतं का म्हणून विचारलं तर सांगता येत नाही त्याला."

तिच्या हातात मेंदूच्या डॉक्टरांची एक चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलं होतं, ऑटिझम. हा शब्द मी एकदाच कुठल्याशा मासिकात वाचला होता. तेव्हा अशा मुलांना लोक येडा म्हणत, शिकलेले मतिमंद म्हणत, आणि दोघंही चुकत. दुसऱ्या एका दाताच्या डॉक्टरांनी चार माणसांकडून प्रमोदला धरून ठेवून तोंड पाहिलं होतं. खालचे पुढचे दात इतके वर चढले होते की वरच्या दातांच्या मागे टाळूत रुतत होते. प्रत्येक घासाला जखम. त्यांचा सल्ला असा की भूल देऊन खालचे चार दात काढून टाका. "याला दात असले काय, नसले काय," असंही ते म्हणाले होते. आईनं दोनदा तारीख पुढे ढकलली होती. "अकरा वर्षांचा आहे हो. पक्के दात आहेत. पुन्हा येणार नाहीत," ती म्हणाली, आणि इतका वेळ धरलेलं रडू तिला आवरेना.

चार दात वाचवायचे, आणि पोराला पुन्हा भाकर खाता आली पाहिजे. काम सोपं होतं. वरच्या प्लेटला पुढच्या दातांमागे एक छोटासा ओटा करायचा. खालचे दात त्या ओट्यावर टेकतात, टाळूला लागत नाहीत. मागच्या दाढा हळूहळू वाढतात आणि चावा उघडतो, म्हणजे दात मिटले तरी खालचे दात टाळूपर्यंत पोचत नाहीत. शंभर पोरांना मी अशी प्लेट दिली असेल. फक्त तोंड उघडायला हवं.

मी हसत हसत पुढे झालो. पोरांना कसं हाताळायचं यावरचं पुस्तकातलं अख्खं प्रकरण मला पाठ होतं. पेपरमिंटची गोळी काढली, गालाला हात लावला मात्र, असा आक्रोश झाला की बाहेर बसलेले दोन पेशंट उठून गेले. ट्रे उडाला. हत्यारं खळ्ळकन फरशीवर. पोरगं खुर्चीखाली. मी हात टेकले.

यशोदाबाई आल्या. पन्नाशीच्या, इंदोऱ्याला राहणाऱ्या, काष्ट्याचं लुगडं नेसणाऱ्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्यांनी हत्यारं गोळा केली, उकळली आणि रोजच्या सवयीनं पांढऱ्या रुमालावर ओळीनं मांडली. आरसा, सुई, चिमटा, पातं. चिमटा जरा तिरपा पडला होता. खुर्चीखालून एक हात आला आणि चिमटा सरळ झाला. बाईंनी वळून पाहिलं. "बरं बापू. तसं तर तसं," एवढंच म्हणाल्या. मग आईकडे वळून मला न विचारताच म्हणाल्या, "गुरुवारी आणा वं याले. गुरुवारी गर्दी नसते."

मला न विचारता! माझ्या दवाखान्यात! तिथेच पहिली ठिणगी पडली.

मग सुरू झाले ते गुरुवार. बाई रुमाल अंथरायच्या. प्रमोद हत्यारं मांडायचा. बाई म्हणायच्या, "आता आरसा." पण आरसा त्या घेत नसत. हात पुढे धरून बसायच्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पोरानं स्वतः हातात ठेवला तरच तो वापरायचा, आणि तोही आधी स्वतःच्या मनगटावर, मग त्याच्या मनगटावर, मग हनुवटीवर. तिथवर झालं की बास. "झालं. जाय गा बापू." महिनाभर आरसा ओठाच्या वर गेला नाही. मी पडद्याआडून पाहत असे आणि चरफडत असे. एकदा न राहवून म्हटलं, "बाई, अशानं पोराच्या दाढीमिशा येतील." त्या म्हणाल्या, "येऊ द्या ना साहेब. मी काय करून राहिली? त्याले पाहू देऊन राहिली."

सातव्या गुरुवारी पोरानं तोंड उघडलं. बाईंसाठी. आरसा बाईंच्या हातात, आणि मी, मुंबईहून पदवी आणलेला, सुवर्णपदकवाला, त्यांच्या खांद्यावरून मान लांब करून बघतोय! टाळूवर दोन खोल, पांढरट जखमा होत्या. आणि त्याच क्षणी, खोटं कशाला बोलू, मनात आलं, ह्या बाईंऐवजी माझा हात का नाही?

दाताचं माप घ्यायला लगदा भरलेला साचा तोंडात दाबून धरावा लागतो. मोठी माणसंसुद्धा ओकारी काढतात. तेही बाईंनीच घेतलं. मी मागून सांगायचो, जरा वर, आता धरा, आता सोडा. कायद्यात हे बसत नव्हतं. पण पोरानं आधी तीन गुरुवार लगदा स्वतः कालवला होता, बोटांना लावून पाहिला होता, आणि त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. माप असं सुंदर आलं की मी स्वतः घेतलं असतं तरी इतकं आलं नसतं. हे मी बाईंना बोललो नाही.

मग बाईंनी आणखी एक गोष्ट केली. टाकाऊ प्लेटांच्या खोक्यातून एक जुनी प्लेट काढली, मला तारा कापून घासायला लावली आणि प्रमोदला खेळायला दिली. ती बिनरंगाची होती, काचेसारखी. प्लेटसाठी तेव्हा दोन तऱ्हेची पावडर मिळायची, एक बिनरंगाची आणि एक हिरड्यांसारखी गुलाबी. प्रमोद ती प्लेट रुमालात बांधून घरी न्यायचा आणि दर गुरुवारी परत आणायचा. आई म्हणाली, जेवताना ताटाच्या उजव्या अंगाला ठेवतो. नसली की जेवत नाही.

दिवाळी आली. प्रमोदची आई फराळ घेऊन आली. मला तिनं संत्रा बर्फीचा डबा दिला, वाकून नमस्कार केला, "तुमचे फार उपकार" म्हणाली. मग मागच्या खोलीत गेली. मी सहज म्हणून डोकावलो, तर ती आणि यशोदाबाई फरशीवर मांडी घालून बसलेल्या, एका ताटलीत चिवडा खात होत्या आणि बाईंच्या मांडीवर नवं कोरं लुगडं होतं. हिरवं, जरीच्या काठाचं. दोघी कशावर तरी खळखळून हसत होत्या. मला बर्फी आणि बाईंना लुगडं! तुम्ही म्हणाल, तुम्हाला काय लुगडं नेसायचं होतं का? माझी बायकोही तेच म्हणाली. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्या. मी बर्फी डबा न उघडता शेजारी देऊन टाकली.

त्यात भर म्हणून बाकीचे पेशंटही विचारू लागले, "बाई हायेत ना आज?" एक पोलीस हवालदार, मिशीवाला गडी, म्हणाला, "डाक्टरसाब, सुई बाईले टोचू द्या ना." हे गमतीत होतं. मला गंमत वाटली नाही. आणि आणखी एक कबूल करतो. मी स्वतःला सुधारलेला समजत असे. बाईंच्या हातचा चहा पीत असे, आणि पितो हे चारचौघांत सांगतही असे. पण शिकलेल्या ब्राह्मण डॉक्टरपेक्षा इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतल्या बाईचा हात पोराला बरा वाटतो, हे जे मला सलत होतं त्यात जातीची गोष्टही होती. तेव्हा मी ती स्वतःपाशीसुद्धा कबूल केली नसती.

प्लेट बनवायची वेळ आली. बाई टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "साहेब, पोराजवळची बिनरंगाची हाय. तशीच बनवा."

"बाई, प्लेट कशी करायची ते मला कळतं," मी म्हटलं. "तुम्ही हत्यारं बघा."

मुंबईच्या मित्रानं आणून दिलेली गुलाबी पावडर मी जपून ठेवली होती. विलायती डबा. तो फोडला. तीन दिवस खपून मी आयुष्यातली सर्वांत देखणी प्लेट केली. तारा अशा वळवल्या की कुठे ओरखडा नाही. घासून घासून आरशासारखी चकचकीत केली. हिरडीचाच तुकडा वाटावा. मनात एकच होतं, ही बघितली की पोराला, आईला, सगळ्यांना कळेल डॉक्टर कोण ते. गुरुवारी मी बाईंना मागच्या खोलीत प्लास्टरचे साचे धुवायला बसवलं आणि म्हटलं, "आज मीच करतो. बाहेर येऊ नका."

आणि मी सगळं बाईंसारखंच केलं बरं का! इतके गुरुवार पडद्याआडून फुकट नव्हते घालवले. रुमाल अंथरला. हत्यारं पोरानं मांडली. "आता आरसा" म्हटलं, हात धरून बसलो, त्यानं आरसा दिला. तोंड उघडलं. माझ्यासाठी उघडलं! मला आभाळ ठेंगणं झालं. मग मी ती गुलाबी प्लेट काढली. त्यानं ती पाहिली. खिशातला रुमाल सोडून आपली बिनरंगाची प्लेट काढली, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्या हाताकडे पाहिलं. हुंकार वाढला. मी थांबायला हवं होतं. पण तोंड उघडं होतं ना! मी प्लेट आत दाबली.

त्यानं माझं बोट इतक्या जोरानं चावलं की पुढे नख काळं पडून गळून गेलं. प्लेट उडाली. तो खुर्चीवरून उडी मारून दारातून रस्त्यावर गेला. एका सायकलरिक्षाचा ब्रेक करकरला, कुणीतरी ओरडलं. आई अनवाणी धावली, मागोमाग मी. पुढच्या चौकात तो रस्त्याच्या मधोमध पालथा पडून हनुवटी जमिनीवर आपटत होता. तोंडातून रक्त येत होतं. दोन गाड्या त्याला वळसा घालून गेल्या.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती पदरानं त्याचं तोंड पुसत म्हणाली, "जाऊ द्या डॉक्टर. तुम्ही पुष्कळ केलं. आता तारीख घेऊन टाकतो."

परत आलो तर यशोदाबाई प्लास्टरनं भरलेल्या हातांनी दारात उभ्या होत्या. फरशीवरची गुलाबी प्लेट त्यांनी उचलली, माझ्या टेबलावर ठेवली आणि परत आत गेल्या. बोलल्या असत्या तर मी ओरडून तरी घेतलं असतं.

शुक्रवारी निरोप आला की बुधवारी भरती व्हायचं, चार दात काढायचे. माझं धाबं दणाणलं. दुखऱ्या बोटाला चिंधी गुंडाळून मी नवी प्लेट करायला बसलो. बिनरंगाची, साधी. रविवारी सकाळी ती तयार झाली तेव्हा मी मागच्या खोलीत गेलो. "यशोदाबाई, कोराडीला याल का माझ्याबरोबर?" हे विचारायला जीभ उचलत नव्हती. बाई हात पुसत म्हणाल्या, "मी तं कालच जाणार होती. प्लेट व्हायची वाट पाहून राहिली होती."

बसनं गेलो. कोळशाच्या ट्रकांमागून रखडत. वसाहतीतल्या झाडांच्या पानांवर राख बसलेली. घरात प्रमोद पलंगाखाली होता. गुरुवारपासून बाहेर आला नव्हता. वडील दारातच म्हणाले, "आता कायले तरास घेता डॉक्टरसाहेब? तुमच्यानं नाई होत. पोरगं मरता मरता वाचलं." माझ्यानं होत नव्हतं हे खरंच होतं.

बाई पलंगासमोर फरशीवर बसल्या. पोराला हाक मारली नाही, खाली वाकून पाहिलं नाही. मला म्हणाल्या, "साहेब, बसा समोर. आ करा."

"मी?"

"तं कोण? तुम्ही बसा."

मी बसलो. माझेच खालचे दात वाकडे आहेत. मिशीखाली दिसत नाहीत, म्हणून कुणाला माहीत नाही. आयुष्यात मी कुणासमोर असं तोंड वासून बसलो नव्हतो, आणि बसलो तो माझ्या बाईसमोर, पेशंटच्या आईबापांदेखत. बाईंनी रुमाल अंथरला आणि हत्यारं मांडली. मी पाहिलं, क्रम चुकला होता. पातं आधी, मग चिमटा, मग आरसा, आणि सुई उलटी. इतक्या वर्षांत बाईंचा क्रम कधी चुकला नव्हता. मी बोलायला गेलो, तर त्यांनी डोळ्यांनीच दटावलं. त्या माझ्या तोंडात बघत राहिल्या. "किती वाकडे हायेत गा साहेबाचे दात," असं कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाल्या.

पलंगाखालचा हुंकार थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा चिडका. एक हात बाहेर आला, आत गेला. शेवटी त्याला ते सोसवेना. पोरगं सरपटत बाहेर आलं आणि रुमालापाशी बसून एकेक हत्यार उचलून जागेवर लावू लागलं. आरसा. सुई. चिमटा. पातं. ओळीच्या शेवटी बाईंनी नवी प्लेट ठेवली. त्यानं आपली जुनी काढली, शेजारी धरली, दोन्ही उन्हात धरून पाहिल्या. बराच वेळ. आई भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर पदर दाबून. बाई हात पुढे धरून बसल्या. त्यानं प्लेट त्यांच्या हातात दिली नाही. स्वतःच तोंडात घातली. बाईंनी फक्त अंगठ्यानं वर दाबली. टक्क आवाज झाला, बसली. त्यानं दात मिटले. उघडले. मिटले. ओट्यावर टेकले, टाळूला लागले नाहीत. हनुवटीकडे निघालेली मूठ अर्ध्यात थांबली.

बाप म्हणाला, "बुधवारी नाई जात मग." आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

मला आनंद झाला का? झाला. पण त्या आनंदात एक काटा होता. हत्यारं मुद्दाम चुकवून मांडायची, हे मला का सुचलं नाही?

तीन आठवड्यांत जखमा भरल्या. आई सांगत आली, काल अर्धी भाकर खाल्ली. आणि असा पेशंट मी पुन्हा पाहिला नाही. बाकीची पोरं प्लेट लपवायची, आणि प्रमोद ती काढायलाच तयार नसायचा. एकदा अंगवळणी पडली की पडली. तार आवळायला महिन्यातून एकदा प्लेट बाहेर काढावी लागे, ती बाईच काढायच्या आणि मी आवळून होईपर्यंत जुनी त्याच्या हातात द्यायच्या. त्याच्या तोंडाला मी पुन्हा हात लावला नाही. माझी हिंमतच नव्हती.

आठ महिन्यांनी गावातल्या दाताच्या डॉक्टरांच्या बैठकीत मी ही केस मांडली. आधीचे फोटो, नंतरचे फोटो. टाळ्या झाल्या. एकानं विचारलं, "अशा मुलाला कसं हाताळलंत?" मी म्हटलं, "संयम." पुन्हा टाळ्या. घरी येईपर्यंत मला वाटायला लागलं होतं की संयम खरंच माझा होता.

त्याच महिन्यात प्रमोदची आई आणखी दोघा पालकांना घेऊन आली. अशा मुलांसाठी त्यांनी भाड्याच्या जागेत एक छोटा वर्ग काढायचं ठरवलं होतं. शिकवायला बाई मिळाल्या होत्या, पण मुलांना सांभाळून घेणारं माणूस हवं होतं. "यशोदाबाई द्या आम्हाला," ती म्हणाली. "त्यांच्यापाशी अजून बोललो नाही. आधी तुम्हाला विचारावं म्हटलं. मालकाला न विचारता माणूस तोडणं बरं नाही." आपल्याकडची रीतच ती. पगारही माझ्यापेक्षा जास्त होता. फक्त माझा एक शब्द हवा होता.

मी खुर्चीत मागे टेकलो आणि म्हटलं, "बाई चांगल्या आहेत. पण अशिक्षित. इथे माझी नजर असते म्हणून निभतं. मुलांची जबाबदारी त्यांच्यावर टाकावी असं मी तरी म्हणणार नाही. आणि त्यांची तब्येतही बरी नसते."

तब्येत ठणठणीत होती. बाई त्या वेळी मागच्या खोलीत पोतंभर प्लास्टर उचलून ठेवत होत्या, आवाज येत होता. पालकांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रमोदची आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिघं नमस्कार करून गेली.

का केलं मी असं? हत्यारं उकळायला मला दुसरं कुणीही मिळालं असतं. पण त्या वर्गात बाईंना नाव मिळालं असतं. लोकांनी विचारलं असतं, प्रमोदचे दात कुणी वाचवले, आणि उत्तर मिळालं असतं. ते मला बघवलं नसतं. एवढंच कारण होतं. बाई त्यानंतर दहा वर्षं माझ्याकडे हत्यारं उकळत राहिल्या, दवाखाना बंद केला त्या दिवसापर्यंत. प्रमोदचे चारही दात शाबूत राहिले, चावा उघडला, प्लेट निघाली. मी बाईंना काही सांगितलं नाही.

यंदा दसरा झाल्यावर मी इंदोऱ्याला गेलो. बाई आता गुडघ्यांनी अंथरुणाला खिळल्या आहेत. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खाटेवर बसल्या होत्या. सुनेनं चहा आणला. मी तो हातात घेऊन सगळं एका दमात सांगून टाकलं. ते पालक, तो वर्ग, मी काय म्हटलं ते.

"मालूम हाय मले," बाई म्हणाल्या.

"केव्हापासून?"

"तवापासूनच. प्रमोदच्या मायनं त्याच आठवड्यात सांगतलं. म्हणे, साहेब काई म्हणोत, तुम्ही या. दोन दिवस रडली मी साहेब. मले लय जावंसं वाटे."

"मग गेला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू म्हणत होत्या, या शिकलेल्या माणसाला इतकं साधं कसं कळत नाही. "पोराची प्लेट निघायले अजून वर्ष होतं ना. मी गेली असती, तं दर महिन्याले तुम्ही हात घातला असता त्याच्या तोंडात."

त्यात राग नव्हता. मी विचारलं, "आणि वर्ष झाल्यावर?"

"तवा त्याईले दुसरी बाई भेटली होती."

इतकी वर्षं मी समजत होतो की बाईंना मी अडवून ठेवलं. त्या राहिल्या होत्या पोराला माझ्यापासून सांभाळायला. क्षमा मागायला गेलो होतो, ती मागितलीही, आणि त्यांनी "राहू द्या साहेब" म्हणून विषय सोडूनही दिला. पण लिहायलाच बसलो आहे तर खरं लिहितो. त्या गल्लीतून परत येताना मला पश्चात्तापापेक्षा हेवाच जास्त वाटत होता. कुणासाठी असं थांबणं मला आयुष्यात एकदाही जमलं नाही.